द्राक्षावरचा निळा

आमच्या धाकट्या मामीला फोन करायचा म्हटलं की घरातली भलीभली माणसं चुळबुळायची. पलीकडून "हॅलो" असं काही यायचंच नाही. आपण "मामी, मी बोलतेय" म्हटलं की क्षणभर शांतता, आणि मग, "आज आवाज गढूळ येतोय. काय झालंय?" किंवा, "इतका पिवळाधमक? काय लपवतेयस?" गंमत म्हणजे आपण खरंच काहीतरी लपवत असायचो. माझ्या भावाने घरी न सांगता नोकरी सोडली होती ते त्या फोनवरच बाहेर आलं. थोरल्या मामांनी डॉक्टरांनी बंद केलेली तंबाखू पुन्हा सुरू केल्याचंही तिथेच कळलं. तेव्हापासून आम्ही सगळे तिला फौजदार मामी म्हणू लागलो. अर्थात तिच्या माघारी.

मामीला आवाज दिसायचे. कुकरची शिट्टी तिला शेंदरी दिसायची आणि कडेने करपलेली. पोळीवाल्या बाईंच्या बांगड्या म्हणजे पांढरे ठिपके. माझ्या आईचा आवाज ताकासारखा, "पण वर फोडणी दिलेल्या" ताकासारखा. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे याला शास्त्रात सिनेस्थेशिया म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण नाव ठाऊक असणं वेगळं आणि आपल्याच मामीवर विश्वास बसणं वेगळं. मी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. मिक्सर, आमच्या दाराची कडी, कॉलेजची घंटा, असे बरेच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून तिला ऐकवले आणि तिने सांगितलेले रंग टिपून ठेवले. काही महिन्यांनी तेच आवाज उलटसुलट करून पुन्हा ऐकवले. एकही रंग बदलला नाही. वर मामी म्हणाली, "ही कडी मागेही वाजवली होतीस. तेव्हा विटकरी म्हणाले होते, आजही विटकरीच आहे. झाली खात्री?"

मी हो म्हटलं. पण खात्री झाली नव्हती. कोणत्या पाहुण्याला चहात किती साखर लागते हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवणारी बाई ती. तिने रंगही पाठ केले नसतील कशावरून?

ती मूळची सटाण्याकडची. शाळेत असताना एकदा ती बाईंना म्हणाली, आपली घंटा लिंबासारखी पिवळी आहे. बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. घरी आजीने निकाल दिला, "पोरले कायतरी लागेल शे." आधी भगताकडे नेऊन झालं, अंगारा लावून झाला, मग तिला त्र्यंबकेश्वरला नेऊन शांती केली. त्या शांतीची हकीकत मामी फार रंगवून सांगायची. "मेधा, त्या गुरुजींचे मंत्र काय सुंदर दिसत होते गं! किरमिजी, आणि आतून सोन्याची तार. मी तोंड उघडं टाकून बघत बसले. रडले नाही, ओरडले नाही. घरच्यांना वाटलं, गुण आला." मग आवाज खाली आणून म्हणायची, "तेव्हाच कळलं, दिसलं तरी बोलायचं नाही. लोक निस्तरायला धावतात."

तिने खरोखरच कोणाला सांगितलं नाही. लग्न होऊन ती नाशिकला आली, इंदिरानगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये संसार मांडला, निखिल झाला, शाळेत जाऊ लागला, तोपर्यंत मामालासुद्धा पत्ता नव्हता. एके दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती वैतागून बोलून गेली, "तुमचं घोरणं इतकं मातकट आहे ना, डोळे मिटले तरी चिखल दिसत राहतो."

मामा पाटबंधारे खात्यात होता. स्वभाव असा की दुधाची पिशवी फोडल्यावर वास घ्यायचा आणि तापवल्यावर पुन्हा घ्यायचा. कुलूप लावलं की ओढून बघायचा, खाली जायचा, आणि परत वर येऊन पुन्हा ओढायचा. अशा माणसाला इतक्या वर्षांनी कळलं की बायकोला काहीतरी दिसतं आणि तिने ते सांगितलेलं नाही. तो चकित झाला नाही, हसला नाही. एवढंच म्हणाला, "आणखी काय काय लपवलंयस?"

त्या घरात संशय शिरला तो त्या सकाळी.

निखिल शिकायला पुण्याला गेला आणि तिकडेच राहिला. पाठोपाठ मामा निवृत्त झाला. आणि त्याच सुमारास मामीने अचानक चित्रकलेची शिकवणी लावली. गंगापूर रोडला दाते सर म्हणून एक निवृत्त कलाशिक्षक मोठ्या माणसांना शिकवायचे. उंच, पांढरी दाढी, खर्जातला आवाज, बायको वारलेली. यातली प्रत्येक गोष्ट मामाने पहिल्याच आठवड्यात शोधून काढली होती.

मामीची चित्रं बघणाऱ्याला आधी काही उमगायचं नाही. कुठे फुटक्या काचेसारखे तुकडे, कुठे ओलसर लांब पट्टे. पण "हा रामकुंडावर भांडी घासल्याचा आवाज" किंवा "ही कांद्याच्या लिलावातली बोली" असं तिने सांगितलं की चित्र एकदम हलायला लागायचं. दाते सरांना ती चित्रं फार आवडायची. ते बाकीच्यांना सांगायचे, यांच्याकडून शिका, या समोर दिसतं ते काढत नाहीत. मामाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो म्हणाला, "मग न दिसणारं काय काढते?"

आणि मामाच्या एक गोष्ट ध्यानात आली. चित्र कसलंही असो, त्याच्या एका कोपऱ्यात एक निळा असायचा. आकाशाचा नव्हे, शाईचाही नव्हे. काळ्या द्राक्षावर धुरकट निळसर थर असतो, बोट लावलं की पुसला जाणारा, तसा. बाकीचे रंग चित्रागणिक बदलायचे, हा मात्र ठरलेला.

मामाने मला गॅलरीत बोलावून दार ओढून घेतलं. "मेधा, तू शिकलेली आहेस. हिच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक रंग म्हणजे कोणाचा तरी आवाज. बरोबर?"

"बरोबर."

"मग हा निळा कोणाचा?"

मी विचारलं, "मामा, तुम्ही तिलाच का विचारत नाही?"

"विचारलं. म्हणाली, आहे एकाचा." मामाने आत डोकावून बघितलं. "एकाचा! आता बोल."

खरं सांगायचं तर त्या 'एकाचा'मुळे मीही जरा दचकले. मामी कधी शब्द सैल टाकायची नाही.

पुढचे काही महिने मामाने तपास केला. एरवी कोणाला पाणीसुद्धा न विचारणारा माणूस घरी चहाला माणसं बोलवायला लागला. जुना सहकारी यायचा, कोपऱ्यावरचा औषधवाला यायचा, सोसायटीचे सेक्रेटरी यायचे. त्यांना बोलतं ठेवायचं, आणि ते गेले की सहज विचारल्यासारखं करायचं, "काय गं, याचा आवाज कसला?" मामी कपबशा उचलता उचलता सांगायची, "शेवाळी." "भिजलेल्या पोत्याचा." "याला रंगच नाही, नुसता खरखरीत आहे." मामा भिंतीवरच्या चित्राकडे बघायचा आणि पुढचा माणूस शोधायला लागायचा.

शेवटी दाते सरांना बोलावलं. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. मामाने त्यांना हवापाणी, राजकारण, द्राक्षांचा हंगाम, मणक्याचं दुखणं, सगळ्यावर बोलायला लावलं. सर मनापासून बोलले. ते जिना उतरतायत तोच मामाने विचारलं, "कसला?"

"उकडलेल्या बटाट्याचा," मामी म्हणाली.

मामाचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. स्वयंपाकघरात मामी भांडी लावायला लागली तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "खोटं सांगतेय. एवढा भारदस्त माणूस, आणि बटाटा?"

त्या वर्षी ऑगस्टमध्ये दाते सरांनी शिकवणीतल्या मंडळींचं प्रदर्शन भरवलं. सगळ्यांना विषय एकच दिला होता, स्वातंत्र्य. हॉलमध्ये शिरलं की पक्षीच पक्षी दिसत होते. उघडे पिंजरे, तुटलेल्या साखळ्या, तिरंगे, डोंगरावर हात पसरून उभी असलेली मुलगी. आणि त्या सगळ्यांच्या शेवटी, दाराशेजारच्या भिंतीवर, मामीचा मोठा कॅनव्हास. त्यावर दुसरं काही नव्हतंच. सबंध कॅनव्हास त्या निळ्याने भरला होता.

लोक त्याच्यासमोर थांबत होते. एक बाई बराच वेळ उभ्या राहिल्या आणि डोळे पुसून निघून गेल्या. मामाने ते पाहिलं. तो चित्रापाशी गेला, चष्मा काढून पुसला, आणि चारचौघांत, दाते सर शेजारी असताना, त्याने विचारलं, "हा कोणाचा आवाज आहे?"

मामीने इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, ही टाळणार. पण ती शाळेतल्या मुलीसारखी सरळ उभी राहिली.

"निखिल शाळेत जायचा. मग तुम्ही ऑफिसला निघायचात. दार ओढून बघायचात, परत येऊन ओढायचात, आणि जायचात. मग थोडा वेळ फ्रिज घुमायचा. वरच्या मजल्यावर कोणीतरी कपडे आपटायचं, लांबून. बाकी काही नाही. कोणी मला हाक मारणार नाही हे माहीत असायचं. त्या वेळचा जो घराचा आवाज आहे ना, तो हा."

"म्हणजे मी नसतानाचा," मामा म्हणाला.

"कोणीच नसतानाचा." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात तेव्हापासून दिसला नाही. विसरायला नको म्हणून काढत होते."

दाते सर हळूच दुसऱ्या चित्राकडे सरकले.

मी त्यांना गाडीतून घरी सोडलं. वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा मामाने पुढच्या काचेकडे बघत विचारलं, "आणि माझा आवाज? तो काढला नाहीस कधी?"

"काढला की. प्रत्येक चित्राला आधी मागे जो रंगाचा हात मारते, तो तुमचा."

"तो मातकट?"

"तो मातकट. त्याच्यावरच बाकीचे बसतात."

जिन्यात मामी पुढे गेल्यावर मामाने माझा दंड धरला. "कोणी माणूस असता ना मेधा, तर मी भांडलो असतो. आता कोणाशी भांडू?"

पुढे काही दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. मग एके दुपारी, जेवण झाल्यावर, मामाने बूट घातले. "जरा जाऊन येतो," म्हणाला आणि गेला. कुलूप लावायचं नव्हतं, मामी आत होती. तरी त्याने बाहेरून दार ओढून बघितलं. तेव्हापासून तो रोज दुपारी जायला लागला आणि चहाच्या वेळेला परत यायला लागला. कुठे जातो ते सांगायचा नाही.

समोरच्या पाटीलवहिनींच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. त्यांचं दार कायम बोटभर उघडं असायचं. त्यांनी मामीला विचारलं, "काका रोज दुपारी जातात कुठे हो? परवा नवा शर्ट होता अंगात." मामीने त्यांना उडवून लावलं, आणि मला फोन केला.

"मेधा, तुझा मामा कुठे जातो ते जरा बघ."

मला हसू आलं. "तुला तर आवाजावरूनच सगळं कळतं. मला कशाला विचारतेस?"

ती म्हणाली, "वेडे, रंगावरून कधी काही कळतं का? रंगाला खरं-खोटं ठाऊक नसतं. मी आपलं दिसेल ते सांगायचे आणि विचारायचे, काय लपवतेयस. तुम्हीच घाबरून सांगून टाकायचात."

इतकी वर्षं अख्ख्या घराला धाकात ठेवणारी फौजदारकी ही अशी होती!

पुढच्या सुट्टीत मी मामाच्या मागावर गेले. सांगायला लाज वाटते, पण उत्सुकता मलाही होती. तो बसस्टँडवर गेला आणि त्र्यंबकच्या बसमध्ये खिडकीशी बसला. मी मागच्या दाराने चढले. त्र्यंबकला सगळे देवळाकडे वळले, मामा मात्र स्टँडसमोरच्या टपरीवर बसला. चहा मागवला, डोंगराकडे बघत बसला. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्याला नवल वाटलं नाही.

"तिने पाठवलं ना? बस. चहा घे."

"मामा, दर्शनाला येता?"

"छे. येतो, चहा घेतो, पुढची बस मिळाली की परत."

"पण कशासाठी?"

"तिला थोडा वेळ घर लागतं." तो म्हणाला. मग बशीत चहा ओतत, जरा ओशाळून, "आणि मलाही बरं वाटायला लागलंय. इथे मला कोणी ओळखत नाही. काही तपासायला लागत नाही. तिला मात्र सांगू नकोस. तिला वाटलं पाहिजे की मी काही कामासाठी जातो."

मी मामीला सांगितलं की मामा वाचनालयात जातो. तिने "बरं" म्हटलं. तिला ते पटलं होतं का, मला माहीत नाही. पण त्यानंतर तिने विचारलं नाही. तिच्या चित्रांमधला तो निळा मात्र नाहीसा झाला. विचारलं तर म्हणाली, "आता रोज दिसतो. काढायला कशाला हवा?"

असं काही वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात मामा गेला. दुपारी बाहेर जायला म्हणून बूट घालायला वाकला तो उठलाच नाही.

मामी लोकांसमोर रडली नाही, यावरून नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. दिवसकार्य उरकल्यावर निखिल म्हणाला, पुण्याला चल. ती नाही म्हणाली. माझी आई राहायला थांबली तर दोन दिवसांत तिला म्हणाली, "वन्सं, आता तुम्ही जा." आई दुखावून परत आली आणि मला म्हणाली, "बघ हो, हिला हवं होतं ते मिळालं."

मी महिनाभराने गेले तेव्हा न राहवून विचारलं, "दिसतो का गं, तो निळा?"

"नाही." ती सांगत होती तेव्हा तिचे हात शेंगा सोलत होते. "सगळे गेले की यायचा तो. आता जाणारंच कोणी नाही."

त्या दिवशी मी तिला त्र्यंबकच्या बसची गोष्ट सांगितली. मामाने शपथ घातली नव्हती, नुसतं नको म्हटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि पदर डोळ्यांना लावला. मामा गेल्यानंतर मी तिला रडताना पाहिलं ते एवढंच.

त्यानंतर तिने जे सुरू केलं ते मला बाहेरून कळलं. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मामी एकट्या राहतात म्हणून कळवतोय. त्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारी काहीतरी चालतं. त्या स्वतः बाहेर जातात आणि रोज वेगळी बाई आत जाऊन दार लावून घेते. एकटीच. दोन-तीन तासांनी बाहेर येते. तळमजल्यावरच्या शबाना टेलर, वॉचमनची बायको, पाटीलवहिनीसुद्धा! कोणी म्हणतं भिशी आहे, कोणी म्हणतं कुठल्या बुवाचं प्रकरण. आम्ही मीटिंग लावलीय."

मी धावतच गेले. सोसायटीच्या ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या. मामी पांढऱ्या केसांचा अंबाडा घालून शांत बसली होती. मागे भिंतीला टेकून बऱ्याच बायका उभ्या होत्या आणि नवऱ्यांच्या नजरा चुकवत होत्या. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "काकू, आम्हाला फक्त एवढंच सांगा, तुमच्या फ्लॅटमध्ये दुपारी चालतं काय?"

"काही नाही चालत," मामी म्हणाली.

"असं कसं? मग या सगळ्या येतात कशाला?"

"काही चालत नाही म्हणूनच येतात."

कोणीतरी हसलं. पाटीलवहिनींचे यजमान उभे राहिले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "तू सांग. काय करतेस तिथे?"

पाटीलवहिनींच्या घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, पोरं धरून माणसांना तोटा नव्हता. त्या पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "बसते."

"आणि?"

"आणि काय? बसते. कोणी हाक मारत नाही."

शबाना मागून म्हणाली, "मी झोपते. मशीनची खटखट नाही, काही नाही. मालेगावला माहेरी गेले तरी अशी झोप लागत नाही."

मीटिंग तिथेच संपली. ठराव काय करावा ते कोणाला सुचेना. फ्लॅटमध्ये नुसतं बसू नये असा नियम कुठल्याही सोसायटीत नसतो. तरी पुढे बरेच दिवस पुरुष मंडळी जिन्यातून जाताना त्या दाराकडे बघत जायची. आत नक्की काहीतरी असणार, ही शंका त्यांच्या मनातून गेली नाही.

मी मामीला विचारलं, तुला हे सुचलं कसं? ती म्हणाली, "तुझ्या मामाने जे माझ्यासाठी केलं, ते मी कोणासाठी करायला नको?" ती स्वतः त्या वेळात गोदेच्या घाटावर जाऊन बसायची, कधी दाते सरांकडे. पुन्हा चित्रं काढायला लागली होती. त्यांत एक नवा रंग यायला लागला होता, तांबूस, पिकत आलेल्या नाचणीच्या कणसासारखा. हा कोणाचा, असं मी विचारलं. "मी बाहेरून आले की कोणीतरी आतून दार उघडतं ना," ती म्हणाली, "त्या कडीचा."

गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि मामी गेली. शेवटी बोलणं तुटक झालं होतं. दवाखान्यात मी तिचा हात धरून "मामी, मी आलेय" म्हटलं, तर डोळे न उघडता तिने विचारलं, "काय लपवतेयस?" डॉक्टरांनी मला जे सांगितलं होतं तेच मी लपवत होते. यावेळी मात्र मी काही सांगितलं नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही.

फ्लॅट विकायचा असं निखिलने ठरवलं. त्याला रजा नव्हती, म्हणून आवराआवर माझ्याकडे आली. चित्रं कापडात गुंडाळून झाली, भांडी वाटून झाली. रिकाम्या खोलीत मी एकटीच उभी होते. फ्रिज तेवढा मागे राहिला होता. मला कुठलाही रंग दिसला नाही. मला कधीच दिसणार नव्हता.

दारावर टकटक झाली. पाटीलवहिनी होत्या. त्यांनी आत डोकावून रिकाम्या भिंती पाहिल्या, डोळे पुसले, मामीबद्दल चार शब्द बोलल्या. मग जायला वळल्या आणि थबकल्या.

"गिऱ्हाईक ठरलंय का हो?"

"अजून नाही. महिना-दोन महिने तरी लागतील."

त्यांनी मागे वळून स्वतःच्या दाराकडे एक नजर टाकली. आवाज खाली आणला.

"मग तोवर मंगळवार माझा ठेवा."